तुमचा बाण मी फिरवला

दादा, तुमचं लॉगिन बंद झालं. कॉम्प्युटर विभागाकडून सगळ्यांना जाते तशीच एक ईमेल आली. तुमचं नाव, त्यापुढे 'इनॅक्टिव्ह', आणि खाली नेहमीची ओळ, काही अडचण असल्यास कळवावे. मला अडचण होती, पण ती त्यांना कळवून काही उपयोग नव्हता.

ऑक्टोबरात, इथल्या थँक्सगिव्हिंगच्या सोमवारआधीच्या शनिवारी, ग्रोसरीच्या पिशव्या गाडीत ठेवता ठेवता तुम्ही पार्किंग लॉटमध्ये खाली बसलात ते उठलाच नाहीत. वहिनी कार्ट परत लावायला गेल्या होत्या, तेवढ्यात. आदल्या दिवशी आपण भांडलो होतो. नेहमीचंच भांडण, त्याच एका पाइपावरून. शेवटी तुम्ही डबा बॅगेत कोंबत म्हणालात, "लाँग वीकेंड खराब नको करू बाप्पा माझा. मंगळवारी पाहू." मंगळवारी मी ऑफिसात आले तर तुमचं केशरी सेफ्टी जॅकेट खुर्चीवर तसंच होतं. त्या मंगळवारचा मला अजून राग आहे. माणसाने शब्द दिला की पाळावा.

तो पाइप नकाशात तसाच होता. त्यावर तुम्ही काढलेला बाण होता. तो फिरवायचा की राहू द्यायचा, हे आता मला एकटीला ठरवायचं होतं. राहू दिला तर शाळेमागच्या ओढ्यात घाण जात राहणार होती. फिरवला तर काही मुलींच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं, आणि त्या मुली तुम्हीच सांभाळलेल्या होत्या.

तुमच्या पुण्यानुमोदनाला वहिनींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. हॉलमध्ये आपली मंडळी पांढऱ्या कपड्यांत आणि ऑफिसची मंडळी काळ्या कपड्यांत, दोन्हीकडून सगळे माझ्याकडे बघत होते. ग्रेग, आपला मॅनेजर, हातात स्वतःचे बूट धरून उभा होता, कारण बूट काढायचे हे त्याला कळलं, पण ठेवायचे कुठे ते कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही असतात तर हसू दाबत दाबत त्याला कोपरा दाखवला असतात. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून "जय भीम, दादा" एवढंच निघालं. मग बसले. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते आता बोलते आहे, पण त्यात आणखी बरंच मिसळलं आहे.

हे वहिनी वाचतील, मंडळातली माणसं वाचतील, म्हणून आधी थोडं सांगते. तुम्ही ऑफिसात नक्की काय करता हे त्यांना कधीच कळलं नाही. 'दादा गटाराचे नकाशे काढतात' एवढ्यावर सगळे समाधानी होते, आणि तुम्हीही कुणाला दुरुस्त करत नव्हता. तर, रस्त्यावर पडलेलं पावसाचं पाणी जाळीतून खाली जातं आणि पाइपातून वाहत कुठल्यातरी ओढ्यात पडतं. संडास-बाथरूमचं पाणी वेगळ्या लाइनीतून शुद्धीकरणाला जातं. या दोन लाइनी कुठेही मिसळायच्या नाहीत. ओढ्यात पावसाचं पाणी सोडायची परवानगी प्रांत सरकार आपल्या नगरपालिकेला देतं आणि त्याबरोबर अटी घालतं. ओढ्याला मिळणारं पाइपाचं प्रत्येक तोंड नकाशात पाहिजे. कोरड्या दिवसांत तिथे जाऊन पाहिलं पाहिजे. पाऊस नाही, बर्फ वितळत नाही, तरी तोंडातून पाणी येत असेल तर ते कुणाच्या तरी घरचं आहे, आणि ते घर शोधलं पाहिजे. अशी तोंडं नकाशात लाल, बाकीची हिरवी. वर्षाच्या शेवटी सगळ्याचा अहवाल. हा नकाशा तुम्ही सांभाळत होता, आणि गेली काही वर्षं तुमच्या हाताखाली मी.

हाताखाली म्हटलेलं तुम्हाला आवडणार नाही. पण खरं तेच आहे. कनाटा उपनगराच्या टेक पार्कमधल्या कंपन्यांना मी अर्जावर अर्ज टाकत होते आणि एकही उत्तर येत नव्हतं. एका पॉटलकमध्ये कुणीतरी तुमची ओळख करून दिली. तुम्ही वांग्याची भाजी वाढून घेत विचारलंत, "नकाशे येतात का तुला?" मी म्हटलं, कॉलेजात एक कोर्स केलाय. "मग अप्लाय कर ना. रेझ्युमे मले पाठव. आणि 'हार्डवर्किंग' हा शब्द काढून टाक, तो सगळेच लिहितात." तुम्ही माझा रेझ्युमे चार रंगांत दुरुस्त करून पाठवलात. मला तेव्हा वाटलं होतं, काय हा माणूस, ओळख ना पाळख. आज वाटतं, इतक्या लोकांना तुम्ही असेच दुरुस्त करत बसलात, तुमच्याकडे कोण बघत होतं?

पहिल्या दिवशी तुम्ही मला एक जुनं ड्रॉइंग उघडून दिलंत आणि विचारलंत, पाणी कुठे चाललंय? मी पाइपांच्या रेषा बघायला लागले. तुम्ही माझ्या हातातून माउसच काढून घेतलात. "रेषा नंतर. आधी उत्तर दिशा कुठे आहे ते पाह्य. जुन्या शीटवर ती कुठेही असते. उत्तर चुकली की सगळं चुकलं." मी तेव्हापासून आजवर एकही ड्रॉइंग उत्तर दिशा बघितल्याशिवाय उघडलेलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच मला तुम्हाला विचारायचं आहे.

शाळेमागच्या ओढ्यातलं ते तोंड. तिथे मुलं बूट काढून पाण्यात उतरतात, कुत्री पाणी पितात. आणि ऐन कोरड्या उन्हाळ्यात तिथून कोमट, राखाडी पाणी येत होतं, साबणाचा आणि संडासाचा मिळून एक वास. नकाशात तो ठिपका लाल झाला आणि लालच राहिला. आपण नकाशाला विचारलं, या तोंडात कुणाकुणाचं पाणी येतं? कॉम्प्युटर बाणांच्या उलट वर चढत गेला आणि त्याने टेकडीवरची मोठी घरं दाखवली. दोन गाड्यांची गॅरेजं, मागे लाकडी डेक, अशी.

मग आपण त्या घरांच्या पायऱ्या झिजवल्या. तुम्ही बेल वाजवायचात, सकाळी सकाळी कुणीतरी कॉफीचा मग घेऊन दार उघडायचं, आणि तुम्ही अगदी पाहुण्यासारखे, "गुड मॉर्निंग मॅम, वुड यू माइंड इफ आय फ्लश युअर टॉयलेट?" मी मागे उभी राहून हसू आवरायचे. संडासात हिरवा रंग टाकायचा, पाणी सोडायचं, आणि खाली ओढ्याच्या तोंडाशी आपला माणूस बघत उभा. रंग आला तर घर सापडलं. एकाही घराचा रंग आला नाही. एका बाईंनी तर तुम्हाला लिंबाचा केक खाऊ घातला. तुम्ही म्हणालात, "केक फस्ट क्लास, पाइपही फस्ट क्लास." कामाचं मात्र काहीच पुढे सरकलं नाही.

मला तेव्हाच वाटायला लागलं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. टेकडीवरून ओढ्याकडे येणारी लाइन आणि बस स्टॉपमागच्या जुन्या घरांची लाइन, या दोन्हींना जोडणारा एक छोटा पाइप आहे. तुमच्या नकाशात त्यातलं पाणी ओढ्याच्या लाइनीकडून बस स्टॉपच्या बाजूला जात होतं. म्हणजे जुन्या घरांचा या तोंडाशी संबंधच नाही. मी म्हटलं, दादा, हा बाण उलटा असेल तर? नकाशात पाइप काढताना ज्या टोकावर आधी क्लिक करतो ते वरचं आणि नंतरचं ते खालचं, इतकं साधं आहे. क्लिक करताना अदलाबदल झाली की कॉम्प्युटरसाठी पाणी उलटं वाहायला लागतं. कुणाचीही होते ही चूक.

तुम्ही हट्टालाच पेटलात. "ड्रॉइंगवर जसं आहे तसंच मी काढलं. तू काहून डोकं खाऊन राहिली?" मी म्हटलं, मॅनहोल उघडून बघू या. ते मॅनहोल भर रस्त्यात, रस्ता बंद करायची परवानगी काढावी लागणार. तुम्ही म्हणालात, काढू. पण काढली नाहीत. मी पुन्हा विचारलं, पुन्हा काढू. तो तुमचा स्वभाव नव्हता. सहीसाठी लोकांच्या मागे लागणारे तुम्ही, आणि या एका कागदाला तुमचा हात लागेना.

मग त्या शुक्रवारी मी जरा जोरात बोलले. बस स्टॉपमागच्या जुन्या घरांचे बेसमेंट भाड्याने दिलेत, तिथे कुणी घाईघाईत वॉशरूम काढलं असेल आणि चुकीच्या पाइपाला जोडलं असेल, हे कुणालाही सुचेल, मी म्हटलं. तुम्ही खुर्ची वळवली. "घाण म्हटली की तुम्हाला बेसमेंटवालेच दिसतात काहून?"

तो 'तुम्हाला' मला झोंबला. तुम्ही मला कधी अहोजाहो करत नाही, म्हणजे तो 'तुम्हाला' मला एकटीला नव्हता. मी म्हटलं, मीही बेसमेंटमध्ये राहिलेय, दादा, आल्या आल्या. तुम्ही हळू आवाजात सांगायला लागलात. तुमच्या गावची नाली. वरच्या आळीतून निघून, देवळाला वळसा घालून, सगळ्या गावाचं सांडपाणी घेऊन ती तुमच्या वस्तीपाशी येऊन थांबायची. पुढे उतारच नव्हता. तुमच्या आईने दारापुढे दगड टाकले होते, त्यांच्यावर पाय देऊन तुम्ही शाळेत जायचात. "आणि गावात कुणी आजारी पडलं ना, तर म्हणायचे वस्तीतून रोग आला. पाणी त्यांचं, नाव आमचं." मी सांगली जिल्ह्यातली. आमचं घर गावाच्या उंच बाजूला होतं. आमच्या मोरीचं पाणी कुठे जातं हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. हे मी तुम्हाला त्या दिवशी बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं का, कळत नाही. तुम्ही डबा उचललात आणि मंगळवारी पाहू म्हणालात.

नोव्हेंबरात परवानगी मीच काढली. अहवालाची तारीख जवळ येत होती आणि ग्रेग रोज एकदा येऊन "एनी लक?" विचारत होता. रस्त्यावर कोन लावले, झाकण उचललं, मी पोटावर पडून टॉर्च मारला. खाली बोटभर पाणी वाहत होतं. बस स्टॉपच्या बाजूने येत होतं आणि ओढ्याच्या बाजूला जात होतं. तुमच्या बाणाच्या अगदी उलट.

माझंच बरोबर निघालं होतं. आणि बघा ना, पहिल्यांदा काय झालं असेल तर मी मान वळवली, तुम्हाला दाखवायला. मागे कुणी नव्हतं, फक्त झाकण धरून उभा असलेला क्रूमधला माणूस. त्याला वाटलं मला उठायला हात हवाय. त्याने हात दिला. मी तुमच्याशी वाद जिंकायला एवढी वर्षं थांबले होते, दादा, आणि जिंकले तेव्हा हरायला तुम्ही नव्हता. मी गाडीत बसून रडले. क्रूला वाटलं वासाने डोळे चुरचुरतायत.

ऑफिसात येऊन मी ते जुनं शीट उघडलं. मुख्य ड्रॉइंगमध्ये उत्तर वर आहे, पण कोपऱ्यातल्या चौकटीत त्या जोडपाइपाचा मोठा करून काढलेला तपशील आहे, आणि त्या चौकटीत उत्तर खाली आहे. तुम्ही ती वर धरून वाचली. त्यामुळे दोन टोकांची अदलाबदल झाली. एवढीच चूक.

पण ही चूक तुमची कशी झाली? ज्या माणसाने मला पहिल्याच दिवशी माउस काढून घेऊन उत्तर दिशा बघायला लावली, तो माणूस ती बघायला विसरला? की दमला होतात? की चौकट बारीक होती आणि चष्मा बदलायचं तुम्ही पुढे ढकलत होता? मी स्वतःला ही सगळी उत्तरं देऊन पाहिली. आणि मग ज्या विचाराला हात लावायचा नव्हता तोही आलाच. त्या जुन्या घरांपैकी एका घराच्या बेसमेंटमध्ये तुम्हीच खोली शोधून दिली होती. यवतमाळची प्राची आणि तिच्याबरोबरच्या चौघी, कॉलेजात शिकणाऱ्या, दुकानांत पार्ट-टाइम करणाऱ्या. त्यांच्या गाद्या तुमच्या व्हॅनमधून गेल्या होत्या. रविवारी वहिनींचा डबा तिथे जायचा. तुम्हाला बाण कळला होता का, दादा? कळून तुम्ही गप्प राहिलात का?

नाही. ज्याच्या दारापुढे गावाची नाली थांबत होती तो माणूस शाळेच्या ओढ्यात मुद्दाम घाण जाऊ देणार नाही. हे मी रोज स्वतःला सांगते. पण तुम्ही परवानगी काढायला टाळत होता, तेही मला आठवतं. बहुतेक तुम्हाला शंका आली असेल आणि मॅनहोल उघडायची भीती वाटली असेल. उघडल्यावर काय करायचं हे तुम्हालाही माहीत नसेल. ते माहीत नसणं आता तुम्ही माझ्याकडे सोडून गेलात.

नकाशातल्या प्रत्येक रेषेच्या मागे एक रकाना असतो, शेवटचा बदल कुणी केला. त्या पाइपापुढे तुमचं नाव होतं. नवीन माणसाने काही बदललं की जुनं नाव जातं, तिथे नव्याचं येतं. असं रोज होतं, रोजच्या कामात कुणाच्या लक्षातही येत नाही. तुम्ही गेल्यापासून मी जिथे जिथे हात लावते तिथून तुमचं नाव जातंय. एखादी जाळी सरकवली, गेलं. एखाद्या पाइपाची लांबी दुरुस्त केली, गेलं. म्हणून काही दिवस मी फक्त बघत बसायचे, काही बदलायचेच नाही. ग्रेगने विचारलं, "यू ओके?" मी म्हटलं, हो, तपासतेय.

पण ओढ्यावर मुलं येत होती. नोव्हेंबर संपत आला तरी वास येत होता. मी पाइप निवडला, दिशा उलटी करायचं बटण दाबलं. बाण गर्रकन फिरला, सेव्ह केलं, आणि तुमच्या नावाच्या जागी रूपाली आली. लगेच कॉम्प्युटर वर चढत गेला आणि त्याने बस स्टॉपमागची घरं पिवळी करून दाखवली. त्यात तो घर नंबर होता. मला तो पाठ होता.

प्राचीनेच दार उघडलं. डोक्याला टॉवेल, पायात घरातल्या चपला. "अय्या, ताई! या ना आत." सेफ्टी जॅकेट बघून थोडी बिचकली. "ऑफिसच्या कामाने आलात का?"

मी म्हटलं, वॉशरूम चेक करायचंय, एक रंग टाकायचाय, फक्त दोन मिनिटं.

"करा ना. दादाही आधी असंच बोलायचे, कुणाकुणाच्या घरी जाऊन फ्लश करून येतो म्हणून." ती हसली. "आम्हाला वाटायचं गंमत करतात."

बेसमेंटमध्ये पाच गाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, मधे एक टेबल, त्यावर लॅपटॉप आणि कुकर. वॉशरूमच्या दाराला वेळापत्रक चिकटवलेलं, कुणी कधी आंघोळ करायची. मी रंग टाकला आणि फ्लश केलं. हातातल्या फोनवर आपल्या क्रूचा माणूस ओढ्याच्या तोंडाशी उभा होता. थोडा वेळ काही नाही. मी मनात म्हणत होते, येऊ नको. एवढी धडपड करून शोधलेलं घर, आणि मी म्हणत होते येऊ नको. मग त्याचा आवाज आला, "वी गॉट ग्रीन! वी गॉट ग्रीन, रूपाली!" तो आनंदाने ओरडत होता. उन्हाळाभर तोही आपल्याबरोबर उन्हात उभा राहिला होता.

प्राचीने विचारलं, "काय म्हणतो तो? चांगलं झालं ना ताई?"

मी हो म्हटलं.

मालकाला नोटीस गेली. पाइप योग्य लाइनीला जोडून घ्या. पण जमीन गोठली होती आणि खोदणारे मार्चच्या आधी यायला तयार नव्हते. मालकाने त्याहून सोपा मार्ग काढला. बेसमेंटचं पाणी तोडलं आणि मुलींना महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. मी ग्रेगकडे गेले. तो वाईट माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. त्याने दार लावून घेतलं, माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वी रेग्युलेट द पाइप, रूपाली. नॉट द लीज. आय ॲम सॉरी." त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याच्या हातात काही नव्हतं आणि माझ्याही नव्हतं.

मी प्राचीला फोन केला. म्हटलं, तुम्हाला असं काढता येत नाही, कायदा आहे, तक्रार करता येते, मी बरोबर येते.

"नको ताई. ॲग्रीमेंटच नाहीये आमच्याकडे. आणि पुढे इथे कायम राहायला पीआरला अप्लाय करायचंय, कुठे नाव अडकायला नको."

मी म्हटलं, माझ्या कंडोत दोघी राहू शकतात, हॉलमध्ये सोय करते.

"आम्ही पाच जणी आहोत ताई." मग म्हणाली, "दादा असते ना, तर त्यांनी केलं असतं काहीतरी. त्यांना सगळे ओळखायचे." ती मला टोमणा मारत नव्हती. तिला अजून माहीतच नव्हतं की हे सगळं कुठून सुरू झालं. मला तिला सांगता आलं नाही.

मी फोन करत सुटले. मंडळात विचारलं, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना विचारलं. सगळ्यांना हळहळ वाटली. कुणाकडे एक खोली होती पण बस जात नव्हती. कुणाकडे बस होती पण भाऊ येणार होता. वहिनींना फोन केला, त्या आता टोरोंटोला लेकाकडे, सिद्धार्थकडे आहेत, तुमच्या घराला विकायची पाटी लागलीय. त्यांना आधी मी नुसतं खोलीचंच सांगितलं. मग विचारलंच त्यांनी, "तुमच्या त्या पाइपाचं काय झालं गं? हे घरी येऊन सारखं बडबडायचे. कुणाचं बरोबर निघालं शेवटी?"

मी म्हटलं, माझं, वहिनी.

मग म्हणाल्या, "तरीच. त्या आठवड्यात जेवत नव्हते नीट. मी म्हटलं ऑफिसात काही झालं का, तर म्हणे रूपा बरोबर आहे वाटते. एवढंच. पुढे बोललेच नाहीत."

दादा, हे मला का नाही सांगितलंत? मला जिंकायचं नव्हतं हो. तुम्ही खुर्ची वळवून म्हणायचं होतं की रूपा, मुली आहेत तिथे, आता काय करू या. मग आपल्याला काहीच सुचलं नसतं, पण ते एकटीला नाही, दोघांना मिळून सुचलं नसतं. आधी खोली बघितली असती, मग मॅनहोल उघडलं असतं. क्रम तरी नीट लावला असता. मला एकटीला क्रमही लावता आला नाही. मी आधी बाण फिरवला.

तरीही तुमच्याकडूनच शिकलेलं आहे हे. घाण जाते तिथे कुणीतरी राहतं, हे मला तुम्ही शिकवलंत. फक्त ती जिथून निघते तिथेही कुणीतरी राहतं, आणि तेही तितकंच लाचार असू शकतं, हे तुम्हाला बहुतेक माझ्याआधी कळलं आणि तुम्ही ते एकट्याने घेऊन फिरलात. रागावू तुमच्यावर की पाया पडू, मला ठरवता येत नाही. काही दिवस रागावते, काही दिवस तुमच्या खुर्चीवरचं जॅकेट सरळ करून ठेवते. ग्रेगने ते काढायला सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात ओढ्यावर जाऊन आले. आधीचे बरेच दिवस कडाक्याची थंडी, बर्फ काही वितळत नव्हता. तोंड कोरडं होतं. पाणी नाही, वास नाही, आत पानांवर नुसतं दव गोठलेलं. एक आजी नातीला स्लेडवर ओढत चालल्या होत्या, मला बघून हात केला. ग्रेगचा फोन आला, "ड्राय?" मी म्हटलं ड्राय. "ब्यूटिफुल. क्लोज इट."

मी टॅब्लेटवर लाल ठिपका हिरवा केला. बंद करण्याचं कारण विचारतो तो, तीनच पर्याय देतो. पाइप दुरुस्त झाला. चुकीचा जोड तोडला. उगम थांबला. पाइप दुरुस्त झालेला नाही. जोड अजून तसाच आहे, मार्चपर्यंत असेल. मी तिसरा पर्याय निवडला. त्यात खोटं काही नाही. पाच मुली तिथून गेल्या, म्हणून पाणी थांबलं.

परत येताना गाडी बस स्टॉपमागे घेतली. बेसमेंटच्या खिडकीला आतून पुठ्ठा लावलाय. प्राचीला फोन लावला, नंबर बंद आहे. जाताना त्यांनी मला कळवलं नाही. कळवलं का नाही, याचा अंदाज आहे मला; त्या रंगाचा अर्थ तिला उशिरा का होईना कळला असणार.

आपल्या हद्दीतल्या कुठल्याही जाळीत पडलेलं पाणी कुठे जातं ते आता तुम्ही विचाराल तर मी लगेच सांगेन, दादा, उत्तर दिशा बघून सांगेन. त्या पाच जणी कुठे गेल्या ते विचारू नका.